राकेलचं सायनस

फिनलंडमधल्या आमच्या या तळ्याकाठच्या गावात मार्च महिन्यात निम्म्या लोकांची नाकं चोंदलेली असतात. औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षं काढल्यावर कोणाचं काय बिघडलंय हे मला चालीवरूनच कळतं. त्यातून माझ्या स्वतःच्या गालातलं सायनस डॉक्टरांनी तीनदा सुईने टोचून धुतलंय. तेव्हा या विषयात मला कोणी शिकवू नये.

मंगळवारी राकेल आली. चर्चच्या गायकवृंदात ती माझ्या शेजारी उभी राहते. डोळे लाल, रुमाल भिजलेला.

"सायनस गं, मार्युक्का. डोळ्यांचं पाणी थांबतच नाही. शनिवारपर्यंत थांबेल असं काहीतरी दे."

शनिवारी ताइस्तोचा अंत्यविधी होता. आमच्या वृंदातला सगळ्यात खर्जातला आवाज. घरामागच्या छपराखाली मासे धुरावर शेकता शेकताच कोसळला.

"दुखतं कुठे?"

तिने गळ्याखाली, छातीच्या हाडावर हात ठेवला.

मला हसू आलं. "अगं, तिथे कुठलं सायनस? कपाळातलं भरलं तर भुवयांवर ठणकतं. गालातलं भरलं तर वरच्या दातांत कळ जाते. डोळ्यांच्या मधलं असेल तर नाकाच्या मुळाशी, आणि पार आतलं असेल तर डोक्याच्या टाळूवर. वाकलं की सगळंच वाढतं."

तिचा हातमोजा खाली पडला. तिने झटकन वाकून उचलला. कपाळावर साधी आठी नाही. आवाजही स्वच्छ, मोकळा. माझं हसू तिथेच थिजलं.

दर गुरुवारी तालमीनंतर ताइस्तो तिला गाडीने घरी सोडायचा. तिचं घर चर्चपासून चालत चार मिनिटांवर. कोणाच्या घरात खोकल्याच्या किती बाटल्या जातात हे मी झोपेतही सांगेन, आणि हे अकरा वर्षं मला दिसलं नाही!

"केर्तूला कळता कामा नये," ती खाली बघत म्हणाली. केर्तू म्हणजे ताइस्तोची बायको.

"मग दुखणं तरी नीट दाखव," मी म्हणाले. "हात गालावर. कोणी विचारलंच तर वरचे दात, खालचे नाहीत. आणि वाकायचं ते सावकाश."

शनिवारी वृंदाची फुलं वाहायला नेमकं तिलाच पुढे केलं. शवपेटीपुढे उभं राहून फुलांवरचं कार्ड मोठ्याने वाचायचं, मग वाकायचं, ही आमची रीत.

"'तुझ्या आवाजाची जागा रिकामी राहील. चर्चचा गायकवृंद,'" तिने वाचलं. त्यातला एकही शब्द तिचा स्वतःचा नव्हता. मग वाकली, ती उठेचना.

केर्तूच उठून आली. खांद्यांना धरून तिने तिला सरळ केलं. "सायनस ना? असं वाकू नये गं."

राकेलने गालावर हात नेला. "वरचे दातसुद्धा," ती म्हणाली.

नंतर कॉफीच्या वेळी लोक रांगेने केर्तूचा हात हातात घेऊन सांत्वन करत होते. राकेलच्या वाट्याला उपाय आले. कोणी मिठाचं पाणी सांगितलं, कोणी सौनाची वाफ, पाद्रीबुवांनी तर थेट सुई. ती प्रत्येकाचे आभार मानत होती.

तेवढ्यात केर्तू केकची बशी घेऊन तिच्याजवळ बसली.

"एक काम करशील? त्याचे कपडे दान करायचेत. सगळ्यांना तो धुराचा वास. कपाट उघडलं की माझा जीव कासावीस होतो. तुझं नाक बंदच आहे, तूच भर ना पिशव्या."

राकेलने माझ्याकडे पाहिलं. मी कपात साखर ढवळत राहिले. मी साखर घेत नाही.

"सोमवारी येते," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "सगळेच द्यायचे?"

"सगळे," केर्तू म्हणाली. "एक स्वेटरसुद्धा मागे ठेवू नकोस."