समेवरची वाहवा

चैत्राची दुपार कलंडली. विद्यापीठाच्या टेकडीवर शिरीषाची रेशमी, आळसावली फुले झडत होती, आणि संगीत विभागाच्या खिडकीतून अस्ताचे केशरी, करुण ऊन आत उतरत होते. अशा वेळी आत काय चालले होते? भैरव! उषेचा, दंवाचा, भस्मविलेपित भैरव, मावळत्या उन्हात. वेळापत्रकात तसे छापले होते म्हणून.

दाराशी बसलेल्या शाल्मली रेगेच्या ओठांची कड तुच्छतेने दुमडली. एम.ए.चे हे शेवटचे प्रात्यक्षिक. पहिली येईल तिला शिष्यवृत्ती. शिष्यवृत्ती म्हणजे आणखी दोन वर्षे गाणे, निव्वळ गाणे. नाहीतर आहेच कुठल्याशा शाळेत प्रार्थना शिकवणे.

आणि हे ठरवणार कोण? मधोमध विभागप्रमुख कारखानीस सर. शालविभूषित, सत्कारपुष्ट, अत्तरगंधित! त्यांचा गळा कधीच निवृत्त झाला होता. जीभ तेवढी नोकरीत होती. शेजारी बाहेरगावचे परीक्षक, चहात बिस्कीट बुडवण्यात तल्लीन. तानसेन नसाल तर नसा, निदान कानसेन तरी व्हा! पण ते कान शोभेचेच होते.

तिची पाळी आली. वाट्याला मारवा आला, अस्ताचा, अतृप्तीचा मारवा. तिने स्वर लावला आणि खिडकीतले ऊन जणू तिच्याच श्वासाने आरक्त झाले. विलंबित एकताल संथ वाहू लागला. ती खरोखर गात होती.

तेवढ्यात तिची नजर परीक्षकांकडे गेली. बिस्कीट भिजले होते, लवले होते. हा माणूस मला ऐकणार! तिरस्कार तिच्या डोळ्यांत मावेना, आणि डोळे त्या बिस्किटावरून हलेनात. बिस्कीट तुटले, कपात बुडाले. मुखडा एक मात्रा उशिरा आला. मुखड्याने जिथे नेमके उतरायचे ती पहिली मात्रा, ती सम निघून गेली होती.

"वाऽऽ! क्या बात है!" कारखानीस सरांनी मांडीवर थाप मारली. सभागृहभर माना डोलल्या. तबल्यावर बसलेला सरांचा भाचा तेवढा खाली मान घालून गालात हसला.

तिला त्या साऱ्यांची किळस आली. थांबावे, सांगावे, सम चुकली म्हणून. पण शिष्यवृत्ती? ती गात राहिली. मग तिला स्वतःची किळस आली, आणि ती अधिक होती.

"पोरी, पहिला नंबर तुझाच," परीक्षक मिशी पुसत म्हणाले. "तालीम कुणाची?"

"सरांचीच."

गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायची रीत. तिचा हात कानाशी गेला. ही गुरुभक्ती पाहून कारखानीस सर भरून पावले.

तिने मात्र कान पकडला होता. चुकलेल्या पोराने पकडावा तसा, नखे रुतवून. तो लाल झाला तरी तिने सोडला नाही. बाहेर शिरीषाची फुले झडत होती, ऊन विझत होते. आणि आत पुढची मुलगी, वेळापत्रकाबरहुकूम, पहाट गाऊ लागली.