मोठ्या अक्षरांची लाज

मी एक थीम बोलतेय. ब्लॉग उघडला की जो रंग दिसतो, अक्षरं ज्या घाटाची दिसतात, फोटो कुठे नि मजकूर कुठे बसतो, ते सगळं म्हणजे मी. लेखाच्या अंगावरचा कपडाच म्हणा ना. शब्द माझे नसतात. ते वाचणाऱ्याला नीट दिसावेत, एवढंच माझं काम. आणि त्या एवढ्याशा कामाचीच मला लाज वाटावी, अशी वेळ आली.

माझा जन्म माकुणसार गावचा. मेघाली तेव्हा पालघरला कॉलेजात होती. तिचे बाबा आत्माराम, वाडीवाले बागायतदार. केळी आणि पानवेलींत जन्म गेलेला. लिहायची मात्र भारी हौस. कुठलं झाड कुणी लावलं, कुणाच्या बावीचं पाणी गोड, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, असलं सगळं ते लिहीत. त्यांच्यासाठी मेघालीनं ब्लॉग काढला आणि मला घडवलं.

काचबिंदूनं बाबांची नजर तेव्हाच मंदावू लागली होती. "बाय, अक्षरं मोठी ठेव. आनि काळीभोर ठेव," ते म्हणाले. तशी मी झाले. पिवळी जमीन, वर जास्वंदीसारखा लालभडक पट्टा, आणि अक्षरं ही एवढाली. देखणी नव्हते, पण बाबा मला खुर्चीत मागे रेलून आरामात वाचत.

मग सगळे फोनवर वाचू लागले. त्या चिंचोळ्या पडद्यावर मी मावेना. एकेक ओळ वाचायला माणसं मला बोटानं डावी-उजवीकडे ओढत आणि कंटाळून निघून जात. मला बदलायला हवं होतं, हे खरंच.

मेघाली पुढे बोईसरला वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात लागली. एकदा तिथले साहेब, मेहुल, यांनी सगळ्यांना एकेक जुनी थीम शोधायला सांगितली. ती नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट उभारायच्या नव्या सांगाड्यात, बसवून दाखवायची होती. शोधता शोधता शेजारच्या टेबलावरच्या ललितला मी सापडले. त्यानं मला मोठ्या पडद्यावर लावलं.

"ब्लॉग आहे की किराणा दुकानाची पाटी?" तो म्हणाला. सगळे खो खो हसले.

"किसने बनाया है ये?" मेहुलनं विचारलं.

मेघाली कीबोर्डकडे बघत म्हणाली, "कुणास ठाऊक. गावाकडचं कुणीतरी असेल."

तो सगळा वेळ मी पडद्यावर झळकत होते. तोंड लपवायला थीमला जागा नसते.

त्याच रविवारी तिनं मला उलगडायला घेतलं. नव्या फ्रेमवर्कमध्ये पान तुकड्यांचं असतं. लेखाचा एक तुकडा, फोटोचा एक. पडदा लहान झाला की ते आपसूक एकाखाली एक सरकतात. माझं फोनवरचं दुखणं तिथेच संपलं. पण मेघाली तेवढ्यावर थांबली नाही. पिवळा गेला, लाल गेला, पांढरी जमीन आली, अक्षरं बारीक आणि राखाडी झाली. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं. आता कुणी हसणार नाही, असं वाटलं.

बाबांनी फोन नाकाजवळ धरला, लांब धरला. "झकास! एकदम शहरातलं," म्हणाले.

काही आठवड्यांनी शेजारच्या वाडीचे बळवंतकाका ओटीवर येऊन बसले. "आत्माराम, तो आमच्या बावीवरचा लेख वाच ना."

बाबांनी फोन हातात घेतला आणि घडाघडा वाचू लागले. मध्ये थांबत, अंगठ्यानं पान सरकवत. मेघाली चहा घेऊन आली. तिनं त्यांच्या खांद्यावरून सहज फोनकडे पाहिलं, आणि चहा बशीत सांडला. उघडं पान केळफुलाच्या भाजीचं होतं. बाबा लेख पाठ म्हणत होते.

तिनं काकांना जाऊ दिलं. मग म्हणाली, "बाबा, पान दुसरंच होतं."

"असेल. मला पाठ हाय ना."

"दिसत नाही तुम्हाला?"

बाबांनी फोन सदऱ्याला पुसला. "धुकं पडल्यावानी दिसतं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुझ्या मैत्रिणी आल्या की तू ब्लॉगचा विषय बदलायचीस. मला कळत नाय काय? ही नवी तरी तू चारचौघांत दाखवशील, वाटलं."

आतून तिच्या आईचा, मंदाताईंचा आवाज आला, "आनि मला सांगतात, तिला बोलू नको."

मेघाली उठली. लॅपटॉप आणून ती बाबांच्या शेजारी खाली बसली.

"आता?"

"अजून मोठं."

"आता?"

"ती राख पुस आधी. काळं कर."

अंधार होईपर्यंत तिनं मला पुन्हा मोठं केलं, पुन्हा पिवळं केलं. तुकडे मात्र नव्या पद्धतीचेच ठेवले.

ऑफिसात आपापली थीम दाखवायचा दिवस आला. मेघालीनं पडद्यावर मला लावलं. "अरे, ही तर तीच पाटी!" ललित म्हणाला. परत हसू उसळलं.

"माझ्या बाबांचा ब्लॉग आहे," मेघाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पहिली थीमही मीच केली होती. त्या दिवशी मी खोटं बोलले."

हसू थांबलं. ललितनं हळूच विचारलं, "एवढं मोठं लागतं त्यांना?"

"हो. यापुढे आणखी लागेल."

मेहुलनं मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. कुणी शाबासकी दिली नाही. ती घ्यायला मला तोंडही नव्हतं.

आज मी आहे ती अशी. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली जपायची. बाबा औषध घालतात आणि एकेक शब्द लावत वाचतात. एक दिवस मी पडदाभर पसरले तरी पुरणार नाही, हे मला कळतं. वाचायचे एवढेच दिवस उरले असताना मला एकदा देखणं व्हावंसं वाटलं होतं, त्याचंच वाईट वाटतं.

तुम्ही या पानावर आलात आणि माझी अक्षरं बघून हसू आलं, तर हसा. पण जाताना लेखाखाली दोन शब्द लिहा. मेघाली ते बाबांना मोठ्यानं वाचून दाखवते.