ज्याने आधी पाहिले, त्याचे अस्वल

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि एक अख्खे पांढरे अस्वल माझ्या मालकीचे होते. हसू नका. ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आमच्या गावात कोणालाही विचारा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आत पितळ, पोलाद आणि काच, वरून काळे चामडे. माझ्यात बॅटरी नाही. म्हणूनच थंडीने माझ्या तरुण भाईबंदांनी माना टाकल्या, तरी मी आपला चालत राहतो. हवामान केंद्रावरचा डेन्मार्कचा एक माणूस मला इथे घेऊन आला आणि घरी परतताना त्याने मला गावातल्या तुकुम्मेक नावाच्या मुलीच्या हाती सोपवले. तिने आधी माझ्या आतले सगळे तेल पुसून काढले, कारण इथे तेलही गोठते. मग माझ्या पाठीवर सीलच्या कातड्याचा तुकडा चिकटवला. उघडा धातू गालाला लागला, तर तो गालाची साल घेऊनच सुटतो. एवढी माया माझ्यावर कारखान्यातही कोणी केली नव्हती.

तिच्या गळ्यात बसून मी पक्ष्यांनी गजबजलेले कडे पाहिले, बर्फाच्या भेगेतून सुळे वर काढणारे वॉलरस पाहिले, समुद्रात कलंडणारे हिमनग पाहिले. घरी आल्यावर ती मला कधीही एकदम उबेत नेत नसे. पिशवीत गुंडाळून आधी बाहेरच्या थंड खोलीत ठेवी, म्हणजे माझ्या भिंगाला घाम फुटत नसे.

तिचा थोरला भाऊ ओडाक मात्र मला डबडे म्हणे. त्याचेही काही चूक नव्हते. कुत्र्यांच्या गाडीवर माझ्या जागेत त्यांचे दोन वेळचे मांस मावले असते, आणि मी काही कोणाचे पोट भरत नव्हतो. त्या वसंतात निघताना त्याने सांगूनच टाकले.

"ही शेवटची फेरी. पुढच्या खेपेला हे डबडं घरी, आणि त्याच्यामागे वेळ घालवणारी तूही घरी."

तुकुम्मेकची बोटे माझ्याभोवती घट्ट आवळली गेली. बर्फावर जाण्यात तिचा जीव होता. माझाही होता, हे मी आज मोकळेपणाने सांगतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही बर्फाच्या कडेजवळ थांबलो. ओडाक आणि धाकटा भाऊ काविगाक गाडीवर बसून कॉफी पीत होते. त्यांच्या मागे दूरवर एक सुंदर हिमनग होता. तुकुम्मेकने भाऊ आणि हिमनग एकाच चौकटीत धरले. ती बटण दाबणार, तेवढ्यात हिमनगाच्या पायथ्याशी मला काहीतरी चालताना दिसले. पण सांगणार कसे? मला डोळा आहे, तोंड नाही. फोटो निघाला आणि मी पिशवीत गेलो.

कप रिकामे झाल्यावर दोघे भाऊ उठले आणि जवळजवळ एकाच दमात ओरडले, "अस्वल!" कुत्री सुटली, बंदुका उडाल्या, अस्वल पडले. मग भांडण सुरू झाले.

आमच्याकडे अस्वल गोळी मारणाऱ्याचे नसते, ज्याने आधी पाहिले त्याचे असते. मांस सगळ्यांना वाटतात, कातडे त्याला मिळते. ओडाक म्हणे, आधी मी पाहिले. काविगाक म्हणे, मी केव्हाच पाहिले होते, ते बिथरू नये म्हणून गप्प बसलो. गावात पोहोचेपर्यंत दोघांचे बोलणे तुटले. लांब सुळ्याच्या नारव्हाल देवमाशांच्या शिकारीचे दिवस तोंडावर आले. फुटत्या बर्फावर एकट्या गाडीने जाणे म्हणजे मरण ओढवून घेणे, तरीही दोघे एकमेकांचे तोंड पाहीनात. ओडाकने सगळे खापर माझ्यावर फोडले. डबडे बरोबर होते म्हणून फेरी नासली, असे तो गावभर सांगू लागला. माझी रवानगी दोरांच्या पेटीत होणार, हे ठरल्यातच जमा होते.

वसंतात आमच्याकडे सूर्य मावळत नाही, त्यामुळे फिल्म धुवायला अंधार घरीच तयार करावा लागतो. तुकुम्मेकने स्वयंपाकघराच्या खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या आणि कामाला लागली. फोटो वाळले. त्यातला एक तिने भिंगाखाली धरला. मग तिने वडिलांना आणि दोन्ही भावांना बोलावले.

म्हाताऱ्या उस्सार्काकने भिंगातून फोटो पाहिला. समोर त्याचे दोन्ही पुत्र कपात तोंड खुपसून बसले होते. त्यांच्या पाठीमागे, हिमनगाच्या पायथ्याशी, चार पायांचा एक ठिपका आरामात चालला होता.

"तू पाहिलंस का गं तेव्हा?" त्याने मुलीला विचारले.

तिने नुसते हो म्हटले असते, तर कातडे तिचे झाले असते.

"नाही बाबा. माझं लक्ष ह्यांच्या मिशांवर होतं. बर्फ छान जमलं होतं."

"मग पाहिलं कोणी?"

तिने माझ्याकडे बोट दाखवले.

"मग कातडं ह्याचं," म्हातारा म्हणाला. "रीत म्हणजे रीत."

ओडाक उसळला. "बाबा, अहो, डबडं आहे ते!"

"असेल. पण कॉफी पीत बसलं नव्हतं."

काविगाकला हसू आवरेना. मग ओडाकही हसला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच दोघांनी एका ताटातले सीलचे मांस खाल्ले. मला पाय नाहीत, तेव्हा माझ्या वतीने तुकुम्मेकने वाटणी केली. दोन्ही भावांना अस्वलाच्या कातड्याची एकेक विजार, आणि मला जाड, पांढरे, केसाळ कवच. सगळा गाव ते पाहायला आला. माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. घरातली जुनी वस्तू कोरड्या फडक्याने पुसत जा, तिच्याशी धसमुसळेपणा करू नका, आणि तिला अडगळीत टाकण्याआधी तिने काय काय पाहिले आहे, याचा थोडा विचार करा.

नारव्हालच्या फेरीचा दिवस आला. तुकुम्मेक मला हातात धरून दारातच उभी होती, आपल्याला जागा आहे की नाही या विचारात. ओडाकने आपल्या गाडीवरचे मांसाचे गाठोडे उचलून काविगाकच्या गाडीवर टाकले, पुढची जागा हाताने झाडली आणि तिला नव्हे, मला विचारले, "काय शिकारी, निघायचं ना?"