स्थलांतराचं कारण

नॅन्सी साळवेचं काम कानाचं होतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेची मुलं गाव सोडून शहरात आलेल्या माणसांच्या मुलाखती घ्यायची, आणि त्या रेकॉर्डिंगमधला शब्द न् शब्द नॅन्सी भिंगारमधल्या आपल्या घरी बसून टाइप करायची. नुसते शब्दच नाहीत. माणूस खोकला तर कंसात ‘खोकला’, हसला तर ‘हसतो’, गप्प बसला तर ‘शांतता’ आणि पुढं किती सेकंद ते. नाव कुणाचंच कळायचं नाही, नुसता क्रमांक. काम देण्याआधी दिशा मॅडमनी एका कागदावर तिची सही घेतली होती. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, आणि कुणी ओळखीचं निघालं तर ताबडतोब कळवायचं. दिशा म्हणजे हे सगळं संशोधन चालवणारी तरुण बाई. नगरकडची बोली पुण्याच्या मुलांना धड कळत नाही, म्हणून तिनं मुद्दाम नॅन्सीला हे काम दिलं होतं.

तीस मुलाखती झाल्या होत्या. पारनेरचा रिक्षावाला, पाथर्डीहून गेलेली रुग्णालयातली आया, शेवगावचे दोघं भाऊ. भाजी निवडताना नॅन्सीच्या तोंडात त्यांची वाक्यं यायची.

एकतिसावी फाइल तिनं जुलैतल्या एका सकाळी उघडली. तिची आई, रोझीबाई, चर्चच्या महिला मंडळाला जायच्या तयारीत होती. मुलाखत घेणाऱ्या मुलानं नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, मूळ गाव कुठलं? समोरच्या माणसानं उत्तराआधी दोनदा घसा खाकरला, एकदा मोठ्यानं आणि एकदा हलकेच. नॅन्सीची बोटं तिथंच थांबली. शब्द अजून यायचा होता, पण तिला कळलं होतं.

“नगर,” तो म्हणाला. “म्हणजे भिंगार.”

तो तिचा भाऊ होता. जॉय.

अकरा वर्षांपूर्वी जॉय सुप्याच्या एमआयडीसीत वेल्डर होता. एका संध्याकाळी वडिलांना, डेव्हिड सरांना, मागं बसवून मोटारसायकलवर घरी येत असताना केडगावजवळ ट्रकनं त्यांना उडवलं. सर जागीच गेले. जॉयच्या कपाळाला सात टाके पडले, बाकी काही नाही. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. पोलिसांत हरवल्याची नोंद झाली, नातेवाईक सुरत-नाशिकपर्यंत हिंडून आले. पुढं पुढं तेच नातेवाईक ‘जॉय चांगला होता हो’ असं बोलायला लागले. आईनं तर त्याचं नाव घेणंच सोडून दिलं. नॅन्सीला वाटायचं, दुःखानं.

आता तो तिच्या कानात बोलत होता. आवाज जाड झाला होता, पण वाक्याच्या शेवटी खाली बसायची त्याची सवय तशीच होती. त्यानं सांगितलं की तो रांजणगावला एका कारखान्यात आहे, खोलीत चौघं राहतात. शहरात स्वतःची ओळख काय सांगता, असं मुलानं विचारलं. तो म्हणाला, खोली बघायला गेलं की आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग नुसतं बघत राहतात. दोनतीनदा असं झाल्यावर त्यानं दुसरं नाव सांगायला सुरुवात केली. सोपं जातं, म्हणाला. एवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली, “गोरख, पाणी आलंय.” आणि जॉय लगेच म्हणाला, “आलो.”

लहानपणी जॉयला तीनतीनदा हाक मारावी लागायची. गोरखला एकदाच पुरे होत होती.

घरी कोण कोण असतं? कुणी नाही. आईवडील? गेले. भावंडं? नाहीत. नॅन्सीनं तिन्ही उत्तरं टाइप केली. आपण नाही हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि पूर्णविराम दिला.

मग स्थलांतराचं कारण आलं. मुलानं पर्याय वाचले : नोकरी, शिक्षण, लग्न, दुष्काळ, इतर. इतर, जॉय म्हणाला. इतर म्हणजे काय, मुलानं विचारलं. त्यानंतर चौदा सेकंद काहीच नव्हतं. नॅन्सीनं ती शांतता पुन्हा लावली. इअरफोनमध्ये काही सापडेना, म्हणून वायर काढून लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवला. आई एव्हाना गेली असेल, अशी तिची समजूत होती. पंख्याची घरघर, लांब कुठंतरी भांडं आपटल्याचा आवाज, श्वास. तिनं तो तुकडा सहा वेळा ऐकला. सहाही वेळा शांतता संपली की जॉय तेच बोलला.

“घरातलं माणूस म्हणालं, तू मेला असतास तर बरं झालं असतं. मग म्हटलं, मेलो.”

हे ‘घरातलं माणूस’ कोण, ते नॅन्सीला विचारायची गरज नव्हती. त्या तीन दिवसांत घरात तिघंच होती, आणि ती स्वतः तसं काही बोलली नव्हती.

दुपारी तिनं दिशाला फोन लावला. दिशानं चूक आपली आहे म्हणून कबूल केलं. भिंगारच्या माणसाची मुलाखत भिंगारच्याच बाईकडं द्यायला नको होती. पत्ता किंवा फोन ती देऊ शकत नव्हती, नॅन्सीनंही मागितला नाही. “मी त्यांना फक्त विचारू शकते, ताई,” दिशा म्हणाली. “ते नाही म्हणाले तर तिथंच थांबायचं.”

उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत नॅन्सीनं दुसरी एकही फाइल उघडली नाही, तरी कानातला आवाज काही थांबेना. कुकर लावताना ‘आलो’ ऐकू यायचं. भिंगारच्या बाजारात ग्रिलच्या दुकानासमोरून जाताना वेल्डिंगची ठिणगी उडाली की ती थबकायची आणि काळ्या चष्म्यामागचा चेहरा निरखायची. घरात आईच्या समोर बसलं की ते वाक्य दोघींच्या मध्ये येऊन बसायचं. आई ताटात वरण वाढायची, आणि नॅन्सी तिच्या तोंडाकडं बघत राहायची. या तोंडातून ते गेलं असेल, असा विचार यायचा. आईही त्या दिवसांत गप्प होती. नॅन्सीच्या ते ध्यानात आलं, पण आई तशी कमीच बोलायची.

नवव्या दिवशी दिशाचा फोन आला. त्यानं आपली मुलाखत अभ्यासातून काढून टाकायला सांगितलं होतं. तो त्याचा हक्क होता. नॅन्सीनं रेकॉर्डिंग आणि टाइप केलेलं सगळं पुसावं, आणि पुसल्याचं लेखी कळवावं. भावाबहिणीचं नातं त्यानं मान्य केलं का, असं नॅन्सीनं विचारलं. दिशा म्हणाली, मान्यही केलं नाही आणि नाकारलंही नाही.

नॅन्सीनं फाइल पुसली. खात्री आहे का, असं लॅपटॉपनं विचारलं, त्यावर बटण दाबलं आणि दिशाला तसं लिहून पाठवलं. मागं वळून पाहिलं तर आई दारात उभी होती.

“पुसलंस व्हय?” रोझीबाईनं विचारलं.

ती त्या दिवशी महिला मंडळाला गेलीच नव्हती. चप्पल घालताना आवाज ऐकला आणि दाराआड जमिनीवर बसली. सहा वेळा वाजलं ते तिनं सहा वेळा ऐकलं होतं, आणि त्यानंतर नऊ दिवस पोटात ठेवलं होतं.

“त्यानं ते चुकीचं सांगितलं,” ती म्हणाली. “मी तसं न्हाई म्हणाले. मी म्हणाले हुते, तेवढा तूच कसा वाचलास.”

“त्यात फरक काय, आई?”

“मी त्याला मर न्हाई म्हणाले.” ती खाटेच्या कडेवर टेकली. मग हळू आवाजात पुन्हा बोलली. “पण म्हणाले. तोंडावर म्हणाले. त्याच्या कपाळाला पट्टी हुती, तिच्यातनं रगत येत हुतं, आन् मी म्हणाले.”

अकरा वर्षं त्याचं नाव ती का घेत नव्हती, ते नॅन्सीला तेव्हा कळलं. तिला आईचा राग आला, आणि तो राग धरवेनासा झाला. तिनं मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि जॉयला काय सांगायचं ते सांग म्हणून तो आईच्या हातात दिला. आई जे बोलली ते पाऊण मिनिटाचं होतं. आपण काय म्हणालो ते तिनं सांगितलं, ते म्हणायला नको होतं असं सांगितलं, आणि ये असं म्हटलं नाही. नॅन्सीनं ते दिशाला पाठवलं. दिशानं लिहिलं, एकदाच विचारीन, ऐकायचंय का म्हणून. त्यानंतर नाही.

गुरुवारी दिशाचा फोन आला. त्यानं ऐकलं होतं. दिशाच्याच फोनवर, कारखान्याच्या गेटबाहेर उभं राहून, दोनदा. नंबर दिला नाही, निरोप दिला नाही. मुलाखत काढून टाकायचं म्हणणं कायम होतं. फोन परत देताना त्यानं एवढंच विचारलं होतं, की म्हातारीनं कवळी बसवली का. बोलणं जरा वेगळं लागतंय.

नॅन्सीनं ते आईला जसंच्या तसं सांगितलं. रोझीबाईनं तोंडावर हात ठेवला. कवळी मागच्या वर्षीच बसवली होती.

“आनखी काय म्हनला?”

“आणखी काही नाही.”

आई उठली आणि मोरीकडं गेली. पाण्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिनं कवळी काढली होती, गाल आत बसले होते आणि चेहरा एकदम जुना दिसत होता, कवळीच्याही आधीचा.

“लाव ते,” ती म्हणाली. “परत बोलते.”

आता पाठवता येणार नाही, दिशा मॅडमनी एकदाच म्हटलं होतं, हे नॅन्सीनं तिला समजावून सांगितलं. आई ऐकत राहिली आणि मोबाईलकडं बघत राहिली. शेवटी नॅन्सीनं रेकॉर्डिंग सुरू केलं. आई बोलली. नॅन्सीनं ते कुणाला पाठवलं नाही, आणि अजून एकदाही लावून ऐकलेलं नाही.