कपाळावरची आठी

ओव्हनमधून काढलेल्या बरणीचं झाकण सुनीतीने फिरवलं, नाक आत नेलं आणि डोळे मिटून खोल श्वास ओढला. काही नाही. काचेची ऊब तेवढी नाकाच्या शेंड्याला लागली.

तिने डोळे किलकिले करून समोर पाहिलं. टेबलापलीकडे सोनाबाई त्यांच्या बरणीवर वाकल्या होत्या. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती.

"बरं आहे," सुनीती म्हणाली.

"बरा हाय," सोनाबाईंनी री ओढली आणि झाकण लावलं.

खालापूरच्या अलीकडच्या त्या कारखान्यात खाण्याच्या पाकिटांची फिल्म व्हायची. प्लॅस्टिकचे पातळ थर गोंदाने एकमेकांवर चिकटवायचे, मध्ये नायलॉनचा एक थर घालायचा, म्हणजे हाडासकट कोंबडी भरली तरी हाडाचं टोक पाकिटातून बाहेर येत नाही. ही ताकद मशीन तपासायचं. बोथट सुई खाली यायची, फिल्म पोटासारखी फुगत, ताणत जायची, पण फाटायची नाही. सुनीतीला ते बघत राहावंसं वाटे. वासाचं मात्र तसं नव्हतं. गोंद पातळ करणारं सॉल्व्हंट पुरतं उडालं नाही तर फिल्ममध्ये दडून बसतं आणि पुढे खाण्यात उतरतं. ते पकडणारंही मशीन असतं म्हणे, पण या मालकांनी दोन बायकांच्या नाकांवर भागवलं होतं. फिल्मचे तुकडे बरणीत गरम करायचे, दोघींनी हुंगायचे. दोघी 'बरं' म्हणाल्या की रोल गाडीत.

सुनीती केमिस्ट्रीची पदवीधर, पण नोकरी मिळाली ती नाकावर. "मॅडमचं नाक म्हणजे देणगी आहे," असं मालक ऋषिकेश सर पाहुण्यांना सांगत. आणि गणपतीनंतर तिला ताप आला. ताप उतरला, वास गेला तो गेलाच. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कारखान्यात तिने कुणाला कळू दिलं नाही. नवऱ्याची, अनुपमची, मोहोपाड्याची नोकरी गेल्यापासून घर तिच्याच पगारावर होतं. तेव्हापासून ती बरणी हुंगायची आणि सोनाबाईंचं कपाळ वाचायची. त्या कपाळावर या दिवसांत एकदाही आठी आली नव्हती. सर खुशीत होते. "बघा, काम कसं सुधारलंय आपलं!"

घरी मात्र कुणाचं कपाळ वाचायचं? भिसेगावातल्या दोन खोल्यांत ती गॅसचं बटण पुन्हा पुन्हा तपासायची. बंद केलेलं बटण बंदच आहे ना, हे बघायला बाथरूममधून परत यायची. एका संध्याकाळी ती तान्ह्या लेकीला, सानवीला खिमट भरवत असताना सासूबाई वाटी हिसकावून घेत ओरडल्या, "अगं, दूध नासलंय यातलं! बाहेरच्या खोलीत वास येतोय आणि तू भरवतेस काय?"

"कामाच्या नादात लक्षात नाही आलं, आई."

"लक्षात? नाकाला लक्ष लागतं होय?"

अर्धी वाटी पोटात गेली होती. सानवी ओकत राहिली. तिला धुऊन-पुसून, कोरडं झबलं घालून मांडीवर घेतल्यावर सुनीतीने तिच्या टाळूवर नाक दाबलं. इथे एक वास होता. तेलाचा नव्हे, दुधाचाही नव्हे, फक्त हिचा. कसा होता तो? आठवायला गेली तर शब्द हाताला लागले, वास लागला नाही. तिने आणखी जोरात नाक दाबलं, तशी पोर कुरकुरली.

पुढच्या आठवड्यात माल परत आला. हाडासकट कोंबडीची पाकिटं. फाटलं एकही नव्हतं. ऋषिकेश सरांनी लॅबमध्ये येऊन एक रिकामं पाकीट कात्रीने कापलं आणि मान झटकन मागे घेतली.

"शी! रंगाचा डबा उघडल्यासारखं येतंय. या इकडे. घ्या वास."

दोघी पुढे झाल्या. सुनीती पाकिटावर वाकली आणि सवयीने तिची नजर वर गेली. सोनाबाई तिच्याकडेच बघत होत्या. पाकिटाकडे नाही, सरांकडे नाही, सुनीतीच्या कपाळाकडे. वाट बघत.



जेवणाच्या सुट्टीत तिने त्यांना हात धुण्याच्या नळाशी गाठलं.

"सोनाबाई, खरं सांगा. तुम्हाला वास येतो का?"

सोनाबाईंनी नळ बंद केला. इकडेतिकडे पाहिलं. "नाय येत गं बाय. गोंदाच्या मशिनीवर होते ना आदी, तवाच गेला. सुकट भाजली तरी कळत नाय, सून हसते मला."

"मग इतकी वर्षं तुम्ही..."

"तुज्याकडं बघायचे. तू शिकलेली. तुज्या कपाळाला आठी आली का मी तोंड वाकडं करायचे. हल्ली तू आठीच घालत नव्हतीस, मंग मी तरी कशाला घालू?" बोलता बोलता त्या थबकल्या. "का गं? तुला येतो ना?"

सुनीतीने नळ पुन्हा सोडला आणि धुतलेलेच हात परत धुवायला लागली.

"अगं देवा," सोनाबाई पुटपुटल्या आणि एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "म्हंजे दोन आंधळ्यांनी एकमेकींचा हात धरला नि रस्ता वलांडला!" हसता हसता त्यांचे डोळे भरले. "काय काय गेलं गं आपल्या हातून?"

सुनीतीच्या मनात तोच हिशेब चालला होता. बिस्किटं, मसाले. लहान मुलांचं नाचणी सत्त्वसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये तीन बरण्या मांडल्या. एकीत परत आलेल्या मालाचा तुकडा, उरलेल्या दोहोंत चांगली फिल्म. एकेकीने आत यायचं आणि खराब बरणी दाखवायची. सोनाबाई आधी गेल्या. साहेबांच्या तोंडाकडे वर मान करून बघायची त्यांना सवयच नव्हती. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली.

सुनीती आत गेली. सर एकेक झाकण उघडून बरणी पुढे करत होते. पहिली. दुसरी. तिसरीचं झाकण काढताना त्यांची हनुवटी जराशी बाजूला वळली, ओठ मिटले.

तिने तिसरीत नाक घातलं आणि कपाळाला आठी घातली.

"ही."

"वाटलंच मला," सर सुटकेने म्हणाले. "म्हातारीमुळे तुम्हीही गडबडलात. तिचं मी बघतो."

आता बोलायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. तिला सानवी दिसली, दिवसभर घरात बसलेला अनुपम दिसला. ती म्हणाली, "थँक यू, सर."

त्या संध्याकाळी गावाकडे, कडावला जाणाऱ्या टेंपोत चढण्याआधी सोनाबाईंनी तिचा दंड दाबला. "तू रहा गं. तुजी पोर ल्हान हाय. माजं काय, भाताची कामं हायेत." तिला राग हवा होता, शिवी हवी होती. सोनाबाईंनी तेवढंही दिलं नाही. टेंपो वळला तेव्हा त्यांनी हात केला, लग्न आटोपून निघालेल्या पाहुण्यासारखा.

सोमवारी नवी मुलगी आली. फराह. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, घाबरलेली, नवी कोरी ओढणी. सर तिला लॅबमध्ये सोडताना म्हणाले, "मॅडमकडे बघून शिक. त्यांचं नाक चुकत नाही."

नाचणी सत्त्वाच्या पाकिटाचा नवा रोल होता. ओव्हनचं दार उघडलं. दोघी बरण्यांवर वाकल्या. सुनीतीने श्वास ओढला, पोकळी आत गेली आणि पोकळीच बाहेर आली. तिने घाईने समोर पाहिलं.

फराहच्या भुवया जवळ आल्या होत्या, की तसं वाटलं? तेवढ्यात फराहनेही वर पाहिलं, सुनीतीचं सपाट कपाळ पाहिलं आणि ओशाळून भुवया सैल सोडल्या.

"तुला काय वाटतं?" सुनीतीने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "खरं सांग. वास आला का?"

"नाही मॅडम, बरंच आहे," फराह गडबडीने म्हणाली. "मलाच उगीच वाटलं."

आणि तिने बरणीचं झाकण दोन्ही हातांनी घट्ट फिरवलं.