तोमिंगची उरलेली दोन संथ गाणी

ताताय जिवंत निघाले आणि कार्यक्रमाचा विचका झाला. पण तसं काही घडलंच नाही असं समजू, कारण समितीच्या अहवालात 'कार्यक्रम सुरळीत पार पडला' असंच लिहिलंय.

ताताय म्हणजे माझे वडील, क्रिसोस्तोमो. गावात तोमिंग. १९८५ साली ते हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात होते, आणि बास्केटबॉलच्या कोर्टाला दोरी बांधून जे डिस्को व्हायचे तिथे कॅसेटी लावायचं काम त्यांच्याकडे होतं. नियम ठरलेला: सहा जलद गाणी, मग तीन संथ. संथ गाणं लागलं की पोरं मुलींसमोर हात पुढे करायची. ताताय मात्र पेन्सिल घेऊन यंत्रापाशी, कारण टेप नेमकी तेव्हाच अडकायची आणि पेन्सिलीने गुंडाळावी लागायची. हायस्कूलच्या चार वर्षांत ते एकदाही नाचले नाहीत.

यंदा त्यांच्या बॅचला चाळीस वर्षं झाली. चाळीस वर्षं झालेल्या बॅचने शाळेचा मेळावा भरवायचा असतो. ताताय त्यासाठी तीन वर्षं गाण्यांचा एक मिक्स रचत होते. तीन तासांचा, सहा-तीन, सहा-तीन. आई तैवानात कामाला. तिला फोनवर नमुना ऐकवायला घेतला की तिकडचं नेटवर्क जायचं. उरलो मी.

"हे गाणं त्याच्या शेजारी बसवलं तर भांडतील का रे?"

मी म्हणालो, दोघांचा घटस्फोट झाल्यासारखं वाटतं.

"आपल्या देशात कायद्याने घटस्फोट नाही," ते म्हणाले, आणि गाणी तशीच ठेवली.

समितीची अध्यक्ष त्यांची वर्गमैत्रीण दिवीना. तिने कळवलं की लॉटरी आहे, सौंदर्यस्पर्धा आहे, झुंबा आहे. मिक्सला दहा मिनिटं मिळतील. तातायनी पाच वेळा विनवलं. पाचही वेळा दहा मिनिटंच आली. तरी तातायनी अख्खा मिक्स पेनड्राइव्हवर भरून समितीकडे दिला.

मग आजी वारली. आपल्याकडे सगळेच करतात तसं तातायनी फेसबुकवरचा स्वतःचा फोटो काढून टाकला आणि काळ्या पडद्यावर पेटलेली मेणबत्ती लावली. खाली एक अक्षर नाही. दुःखात कोण लिहितं? बॅचच्या शंभर जणांनी श्रद्धांजली वाहिली. तातायनी प्रत्येकाला 'आभारी आहे' असं उत्तर दिलं. तोमिंगचा मुलगा किती वळणाचा निघाला, यावर बॅचमध्ये एकमत झालं.

मेळाव्याच्या दुपारी शाळेच्या फाटकावर फलक होता: 'आम्हाला सोडून गेलेले'. नऊ चेहरे. नववे ताताय, पंच्याऐंशी सालच्या केसांसकट. खाली लिहिलं होतं, 'दिवंगतांच्या स्मरणार्थ: तोमिंगचा मिक्स, संपूर्ण.'

मी समितीच्या टेबलाकडे निघालो. तातायनी माझी कॉलर धरली.

"संपूर्ण लिहिलंय," ते म्हणाले. "कुणाला काही बोलू नकोस."

आम्ही मोठ्या स्पीकरमागे सोड्याच्या खोक्यांवर बसलो. मिक्स सुरू झाला आणि गुडघ्यांना मलम चोळून आलेली माणसं कोर्टावर उतरली. चार वर्षं तातायच्या पेपरात बघून पास झालेला एक जण माइकवर म्हणाला, तोमिंग मला भावासारखा होता. ताताय खोक्यावर बसून मान डोलावत होते. भावाबद्दल नाही, ठेक्यावर.

तासाभराने दिवीना वायर बघायला मागे आली.

"तू मेलास ना?"

"आई गेली."

"मग मेणबत्तीखाली तिचं नाव नको का लिहायला?" तिने घड्याळ पाहिलं. "हे बघ तोमिंग, जिवंत माणसाला दहा मिनिटं. मी नाही ठरवलं, मतदान झालंय. मेलेल्याचं गाणं मधेच तोडत नाहीत, अपशकुन असतो. तेव्हा तू आपला मेलेलाच बस."

"शेवटची तीन संथ मी माझ्यासाठी ठेवलीत. पेनड्राइव्हला पेन्सिल लागत नाही."

"मेलेली माणसं नाचतात होय?"

ताताय बसले. आणखी पावणेदोन तास बसले. मग शेवटच्या तिघांतलं पहिलं लागलं. ते उठले, तळहात पँटला पुसला, कोर्ट ओलांडून सात नंबरच्या टेबलाशी गेले आणि तिथल्या एका बाईसमोर हात पुढे केला. बाई निवृत्त नर्स. तिने हात धरला तो नाडी बघायला.

"जिवंत आहे," तिने जाहीर केलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवीना नियमाची पक्की. तिने पेनड्राइव्ह काढला. जिवंताची दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. झुंबाची बाई मंचावर चढली, रांगा लागल्या. नर्सबाई दुसऱ्या रांगेत गेली. ताताय हात तसाच पुढे धरून उभे होते, आणि लोक त्यांना खांबासारखा वळसा घालून उड्या मारत होते. शेवटी मीच त्यांना बाजूला घेतलं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी तातायनी मला कागद घ्यायला सांगितला आणि मी लिहून घेतलं ते असं:

प्रति, माननीय अध्यक्षा, मेळावा समिती. विषय: उर्वरित दोन गाणी. महोदया, अर्जदार दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पूर्वसूचना न देता जिवंत आढळला, याबद्दल तो दिलगीर आहे. तरी समितीने ठराव करून अर्जदारास पुनश्च मृत घोषित करावे, उर्वरित दोन संथ गाणी त्याच कोर्टावर वाजवावीत, आणि तेवढ्या नऊ मिनिटांपुरती मृतांस नाचण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.