नथ्थूच्या मोटारीची झडप

“बंदच व्हयनी नई, शेठ,” उखा मिस्त्री पितळेची झडप माझ्यापुढे धरून म्हणाला. तळोद्यात माझं किराणा दुकान आणि समोरच त्याचं मोटार दुरुस्तीचं छप्पर.

परवाच नथ्थू गेला. उखाचा मेहुणा, त्याची बायको तुळशीबाई हिचा एकुलता एक भाऊ. लाकडाच्या ठेकेदाराची मोटार चालवायचा. सातपुड्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि पोरगा मोटारीसकट दरीत गेला. असा हसरा पोरगा हो!

त्या मोटारीला तेलाचे ब्रेक. पाय दाबला की एकाच टाकीतलं तेल नळ्यांतून चारी चाकांना रेटा देतं. एक नळी फुटली की सगळं तेल तिथूनच वाहून जातं आणि चारही चाकं मोकाट. मेहुण्याला रोज उतार उतरायचा, म्हणून उखाने प्रत्येक नळीवर स्वतः घडवलेली झडप बसवली होती. आत रबराची टोपी घातलेला दट्ट्या. नळी फुटून तेल जोरात धावलं की दट्ट्याही धावतो आणि तेवढीच वाट बंद करतो, बाकीची तीन चाकं गाडी थांबवतात. हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मग या वेळी काय झालं? फुटलेल्या नळीवरची झडप उखाने दरीतल्या मोटारीतून काढून आणली होती. त्याने काडीने तिचा दट्ट्या ढोसला. हलेना. रबर फुगून आतच घट्ट बसलं होतं. त्याने ते उकरून काढलं आणि नाकाशी नेलं.

“इंजिननं तेल! ब्रेकले एरंडेल न स्पिरिटनं तेल लागस. हाई तेल रबरले फुगाडी देस. कोन टाकं व्हई?”

मला माहीत होतं. भाऊबीजेला उखा नंदुरबारला गेला होता. ओवाळून झाल्यावर तुळशीबाईने भावाच्या मोटारीत डोकावून पाहिलं. नवऱ्याचं काम ती रोज बघायची. ब्रेकची टाकी थोडी रिकामी दिसली, तर बाईने छपरातला सगळ्यात स्वच्छ, कोरा तेलाचा डबा भावासाठी फोडला. “वा तुळशीबाई, मिस्त्रीण झालात की!” असं मी दुकानातून ओरडलोसुद्धा. कौतुकच वाटलं होतं.

मी ते सांगितलं आणि उखाने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात तुळशीबाई दारात आली. रडून रडून चेहरा सुजलेला. “काय सापडनं? मी भाऊबीजले तेल टाकं व्हतं. त्यामुये तं नई ना?”

उखाने रबर मुठीत आवळलं. “तेलना काय संबंध? झडपच खोटी व्हती. भोक मी वाकडं पाडं. दट्ट्या अडकना.”

“तुम्ही?” ती बघतच राहिली. “मन्हा भाऊले तुम्ही मारी टाकं?”

“हा.”

ती ऊर बडवत आत गेली. माझं डोकंच फिरलं. “मिस्त्री, वेड लागलं का तुला? सांग तिला खरं!”

“मन्हावर रागे भरी तं जगी ती, शेठ,” तो म्हणाला. “सोतावर भरनी तं मरी जाई. तुम्ही काई बोलू नका.”

माझ्याच डोळ्यांना धार लागली.

तेराव्याला आम्ही नथ्थूच्या गावी, सारंगखेड्याला गेलो. बातमी आधीच पोचली होती. उखाशी कुणी रामराम केला नाही. पंगत बसली, मी त्याला बळेच शेजारी बसवलं. तुळशीबाई वरण वाढत आली. मला वाढलं. उखासमोरून न थांबता पुढे गेली आणि पलीकडच्या माणसाला वाढलं. मागून आलेल्या बायकांनीही तेच केलं.

मी उठणार, तोच उखाने माझा गुडघा दाबला. पंगत उठेपर्यंत तो मान खाली घालून बसून राहिला. मग चारचौघांसारखी त्याने आपली कोरी पत्रावळ दुमडली आणि हात धुवायला उठला.